पीठ गरम का येतं, आणि वाऱ्यानं दळतात तरी कसं?

गंगाखेडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात : "आम्ही ज्वारीचं दळण गावातल्या गिरणीत टाकतो. पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम येतं. सासूबाई म्हणतात, गिरणीत पीठ जळतं, म्हणून जात्याच्या भाकरीची चव आता राहिली नाही. शिवाय दहा किलो ज्वारी नेली की पीठ कधीच दहा किलो भरत नाही. गिरणीवाल्याला विचारलं तर तो नुसता हसतो. त्यात माझा मुलगा छत्रपती संभाजीनगरला औषधाच्या कारखान्यात लागला आहे. तो सांगतो, तिथं एक यंत्र नुसत्या वाऱ्यानं दळतं. ना दगड, ना पातं. वाऱ्यावर उपणतात हे ठाऊक आहे, पण वाऱ्यानं दळतात कसं? पोरगं आमची थट्टा तर करत नाही ना?"

ताई, थट्टा नाही. मुलगा खरं बोलतो आहे. गिरणीवाल्याच्या हसण्यामागेही दरवेळी लबाडीच असते असं नाही. पत्रात प्रश्न तीन दिसले, तरी त्यांचं मूळ एकच आहे. तेव्हा आधी दळणं म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू.

दळणं म्हणजे बारीक कापणं, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. गिरणीचे दगड ज्वारी कापत नाहीत, ते दाणा चिरडून फोडतात. ज्वारीचा एक दाणा दाताखाली धरून हळूच फोडून बघा. बाहेरचा भाग काचेसारखा कडक आणि तुकतुकीत दिसेल, आतला खडूसारखा भुसभुशीत. अशा दाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा आधीपासूनच असतात. दाब आला की त्यातली सगळ्यात कमजोर भेग वाढते आणि दाणा तिथून दुभंगतो. मग त्या तुकड्यातली कमजोर भेग, मग त्याच्याही तुकड्यातली. पदार्थ भेगांपाशीच का तुटतात, याचा हिशोब ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1921 मध्ये मांडला. तो काचेवर काम करत होता, पण त्याचं म्हणणं ज्वारीलाही लागू पडतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वाळलेला, ठिसूळ दाणा सहज दळला जातो आणि ओलसर दाणा दाबला की चेपतो, फुटत नाही. म्हणून दळणाला आधी ऊन दाखवायची पद्धत. पावसाळ्यात दमट ज्वारी टाकली की पीठ दगडाच्या खाचांत चिकटून बसतं आणि गिरणीवाला कुरकुरतो, ते याचमुळे. दुसरी गोष्ट जरा आडवळणाची आहे. तुकडा जितका लहान, तितक्या त्यात भेगा कमी, म्हणून तो फोडायला तितकाच अवघड. हा मुद्दा पुढे वाऱ्याच्या यंत्रापाशी कामाला येणार आहे.

आता गरमीकडे वळू. दाण्यात नवी भेग पाडायला खरं तर अगदी थोडी ऊर्जा पुरते. पण दगड आंधळे असतात, कुठल्या दाण्याला कुठे दाबावं हे त्यांना कळत नाही. ते दाणे एकमेकांवर घासतात, वाकवतात, चेपतात, आधीच बारीक झालेलं पीठ पुन्हा रगडतात. दळणयंत्रांचा हिशोब मांडणारे सांगतात की वापरलेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का नवे पृष्ठभाग तयार करण्यात जातो. उरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. थोडक्यात, गिरणी हे मुळात पाणी तापवायच्या बंबासारखं यंत्र आहे, त्यातून जाता जाता पीठही निघतं.

हिशोब करून पाहू. दहा किलो दळणाला अर्धं युनिट वीज लागते असं धरा. अर्ध्या युनिटात दहा लिटर पाणी सुमारे 43 अंशांनी तापतं. कोरडं पीठ तापायला पाण्याच्या निम्मीदेखील उष्णता लागत नाही. म्हणजे सगळी उष्णता पिठातच राहिली, तर ते 90 अंशांहून अधिक तापायला हवं. प्रत्यक्षात बरीच उष्णता दगडात, पत्र्यात, हवेत आणि वाफेत जाते. तरी उरलेली चटका द्यायला पुरते. गिरणीचे दगड फार जवळ कसले तर हा आकडा आणखी चढतो. दगड जितके जवळ तितकं पीठ बारीक, हे एका हद्दीपर्यंतच खरं. त्यापुढे पीठ तेवढंच राहतं, वाढते ती फक्त उष्णता आणि विजेचं बिल.

मग जात्याचं पीठ थंड कसं? त्यात जादू काही नाही. सतत दळत बसलेल्या माणसाच्या हातातली ताकद साधारण एका बल्बाइतकी, शंभर वॅटच्या आतबाहेर. गिरणीची दहा अश्वशक्तीची मोटर साडेसात हजार वॅटची. जात्यातही किलोमागे उष्णता निघते, ती काही फार कमी नसते, पण ती तास-तासभर सावकाश निघत राहते. जड दगड ती शोषून घेतो, वारा घेऊन जातो, पिठाला तापायची संधीच मिळत नाही. गिरणी तेच काम काही मिनिटांत उरकते. सासूबाईंना आठवणारी चव ही सावकाशीची चव आहे. आणि ताई, तुम्ही तर गंगाखेडच्या. संत जनाबाईंचं गाव. त्यांच्यासोबत प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसला अशी कथा आहे, पंढरपूरजवळ गोपाळपुरात त्यांचं जातं दाखवतातही. देवालासुद्धा हातभार लावावासा वाटला, म्हणजे हे काम केवढ्या मेहनतीचं होतं ते बघा. चवीसाठी जात्याकडे परत चला असं सांगणारे सहसा स्वतः खुंटा धरणारे नसतात.

"पीठ जळतं" हे मात्र अर्धंच खरं. पीठ शिजायला नुसती उष्णता पुरत नाही, पाणीही लागतं. ज्वारीतला स्टार्च पाण्यात साधारण 70 अंशांच्या पुढे फुगून चिकट होतो. कोरड्या पिठात इतकं पाणी नसतंच, त्यामुळे ते तापतं पण शिजत नाही. त्यातली प्रथिनं आणि लोह काही मिनिटांच्या गरमीनं उडून जात नाहीत. नुकसान होतं ते दुसरीकडे. ज्वारीच्या अंकुरात तेल असतं, दळताना ते पिठात मिसळतं, आणि गरम पिठात त्याला खवट वास लवकर येतो. बाजरीत तेल जास्त असल्यानं तिचं पीठ आठवड्याभरातच कडवट लागतं, हे घरोघरी माहीत आहे. त्यात गरम पीठ तसंच डब्यात दाबून झाकण लावलं, की आतली वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली उतरते. गुठळ्या आणि बुरशी तिथून सुरू होते. म्हणून गिरणीतून आणलं की पीठ कागदावर किंवा स्वच्छ धोतरावर पसरून निवू द्या, मग डब्यात भरा. सासूबाई असं करतच असतील.

आता एक उलटी गंमत. दगडाखाली चिरडल्यामुळे स्टार्चचे काही कण तडकतात, आणि तडकलेला कण धड कणापेक्षा जास्त पाणी पितो. गव्हाच्या चक्कीच्या पिठाची पोळी रोलर गिरणीच्या पिठाहून मऊ राहते, त्याचं मोठं कारण हेच. म्हणजे ज्या रगडण्याला आपण नावं ठेवतो, त्याचाच पोळीला फायदा होतो. ज्वारीत गव्हासारखा ओढून ताणला जाणारा चिकटपणा नाही, म्हणून भाकरीची सगळी भिस्त पिठाच्या बारीकपणावर, गरम पाण्याच्या उकडीवर आणि मळणाऱ्या हातावर. पीठ भरड असेल तर पाणी धरत नाही आणि भाकर थापताना काठ फाटतात. पीठ जुनं झालं की विरी जाते, तेव्हाही तेच. भाकर चिरली की सुनेला बोल लागतो, पण निम्म्या वेळा दोष चाळणीत सापडतो.

घरगुती चक्कीचं पीठ वेगळं का लागतं, असंही बरेच जण विचारतात. बऱ्याच घरगुती यंत्रांत दगड नसतातच. फिरत्या चकतीवर हातोडीसारखी पाती असतात आणि खाली जाळी. पातं दाण्याला फटका मारतं, तुकडा जाळीच्या भोकाएवढा होईपर्यंत आतच आपटत राहतो, मग खाली पडतो. दगड रगडतो, हातोडी फोडते. त्यामुळे कणांचा आकार आणि स्टार्चची मोडतोड दोन्ही बदलतात. जाळी बदलून बघा, मग यंत्राला दोष द्या.

आता वजनाचं. ज्वारीत साधारण 11-12 टक्के पाणी असतं. दळताना पीठ तापतं आणि त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन जातं. पाण्याचं हे प्रमाण दीड टक्क्यानं उतरलं, तर दहा किलोमागे दीडशे ग्रॅमहून जास्त वजन हवेत गेलं. कोणाच्या खिशात नाही, हवेत. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीला हात लावून बघा, ती ओलसर उबदार लागते. ती बाही शोभेला नसते. गिरणी पंख्यासारखी हवाही फेकते. बाही हवा जाऊ देते आणि पीठ अडवते. मोठ्या कारखान्यांत धूळ अडवायला अशाच शेकडो कापडी नळ्या टांगलेल्या असतात.

आणखी थोडं पीठ गिरणीच्या पोटात, दगडांच्या खाचांत राहतं. पण तिथं तुमच्या आधीच्या माणसाचंही राहिलेलं असतं आणि ते तुमच्या डब्यात आलेलं असतं. ही उसनवारी दिवसभर चालते. खरा तोटा सकाळी पहिल्या येणाऱ्याचा, किंवा दगडांना टाकी लावून झाल्यावर जो पहिला सापडतो त्याचा. टाकी लावल्यावर सुरुवातीचं पीठ जनावरांना घालावं, भाकरीला वापरू नये, कारण त्यात दगडाची कच असते. एवढं सगळं धरूनही दहा किलोला अर्धा किलो कमी भरत असेल, तर मात्र गिरणीवाल्याच्या हसण्याकडे जरा निरखून बघा. आधी त्याच्या आणि तुमच्या, दोन्ही काट्यांवर एकच वजन ठेवून पाहा. आमच्या घरी वर्षभर एका गिरणीवाल्याला संशयाखाली ठेवलं होतं आणि शेवटी चूक आमच्याच स्वयंपाकघरातल्या काट्याची निघाली.

दळण्याच्या पद्धती इतक्या का, याचं उत्तरही उष्णतेतच आहे. शेंगदाण्याचा कूट मिक्सरमध्ये करताना आपण थांबून थांबून फिरवतो. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि कुटाचा लगदा होतो. मिरची आणि मसाला कांडप यंत्रात कुटतात, त्याचं एक कारण हेच. मुसळ पडतं, उठतं, मधल्या वेळात माल थोडा निवतो. मसाल्याचा वास म्हणजे उडून जाणारी तेलं. दळताना सगळं घर घमघमलं, तर तेवढा वास डब्यात कमी राहिला असं समजा. हळकुंडाची तऱ्हा आणखी वेगळी. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. शिजवून वाळवलेलं हळकुंड दगडासारखं कडक होतं, ते थेट चक्कीत घातलं तर चक्कीच रडेल. म्हणून आधी हातोड्याच्या यंत्रात ठेचून तुकडे करायचे, मग दळायचं. मोठे मसालेवाले यंत्राभोवती थंड पाणी खेळवतात. काही तर मसाल्यावर उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन सोडतात. त्या थंडीत तेलकट, चिवट लवंग-जायफळसुद्धा काचेसारखं ठिसूळ होतं आणि खळ्ळकन फुटतं. इथं थंडीचे दोन फायदे : वास टिकतो आणि भेगही सहज पडते.

पण मुळात एवढा खटाटोप कशासाठी? कण बारीक केले की नेमकं काय मिळतं? खडीसाखरेचा एक सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे तुकडे केले तर हजार तुकडे होतात आणि पृष्ठभाग 60 होतो. एक दशांश मिलिमीटरचे केले तर दहा लाख तुकडे, पृष्ठभाग 600. एक शतांश मिलिमीटर, म्हणजे दहा मायक्रॉनचे केले तर शंभर कोटी तुकडे, पृष्ठभाग 6000 चौरस सेंटिमीटर. वजन तेच, साखर तीच, पण उघडी बाजू आता पसरलेल्या वर्तमानपत्राहून मोठी. विरघळणं, जळणं, पाणी पिणं, चव लागणं हे सगळं पृष्ठभागावर घडतं. दळणं म्हणजे हा पृष्ठभाग विकत घेणं.

याचं धडधडीत उदाहरण तुमच्या शेजारी, परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात. कोळशाचं ढेकूळ चुलीत तासभर धुमसतं. बॉयलरमध्ये एवढा वेळ नसतो. म्हणून कोळसा आधी दळून गरम हवेबरोबर भट्टीत फुंकतात. त्यातला सुमारे 70 टक्के भाग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका तो बारीक असावा लागतो. 75 मायक्रॉन म्हणजे साधारण एका केसाची जाडी. असा कोळसा उडता उडता, दोन-तीन सेकंदांत जळून जातो. म्हणजे गिरणी ज्या विजेवर चालते, त्या विजेसाठीही आधी दळण घालावं लागतं. सिमेंटच्या कारखान्यात तर निम्म्याहून अधिक वीज निव्वळ दळण्यावर खर्च होते. तिथं लोखंडी गोळ्यांनी अर्धवट भरलेलं भलंमोठं पिंप फिरवतात. गोळे वर चढतात आणि मालावर धबाधब पडतात. पिंप सावकाश फिरवलं तर गोळे नुसते घसरतात. फार जोरात फिरवलं तर ते भिंतीला चिकटून फिरत राहतात, बादली गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही तसे, आणि दळण काहीच होत नाही. वेग या दोन्हींच्या मध्ये ठेवायचा, त्यातच सगळं कसब.

कोळसा मुद्दाम जाळतात. पण हाच प्रकार नकळत घडला तर स्फोट होतो. पीठ, साखर, हळद हे सगळे जळणारे पदार्थ आहेत. हवेत दाट उडाले आणि ठिणगी मिळाली की ढगाचा ढग एकदम पेटतो. 2 मे 1878 ला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात पिठाची एक प्रचंड गिरणी अशीच उडाली आणि 18 कामगार गेले. फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 2008 च्या फेब्रुवारीत जॉर्जिया राज्यातल्या साखरेच्या कारखान्यात साखरेच्या धुळीनं 14 जणांचा बळी घेतला. गावच्या गिरणीत एवढा दाट ढग सहसा होत नाही. त्यासाठी धूळ इतकी हवी की दोन मीटरवरचा बल्बही दिसेनासा व्हावा. तरी तुळयांवर बसलेला बोटभर थर झाडताना किंवा पिठाच्या डब्याशी कोणी बिडी पेटवली, तर त्याला बाहेर घालवा, यात भिडस्तपणा नको.

मग सगळं जितकं बारीक तितकं उत्तम का? नाही. हा गैरसमज मोठे मोठे लोकही बाळगतात. पीठ फार बारीक झालं की ते वाहत नाही. कणाचं वजन इतकं घटतं की शेजारच्या कणाची ओढ त्याहून जड ठरते आणि ते एकमेकांना धरून बसतात. म्हणून गिरणीवाला बाहीवर अधूनमधून थापा मारतो, कारखान्यात त्यासाठी हादरे देणारी यंत्रं बसवतात. बारीक पावडर ओल पटकन ओढते, हवेत उडते, माणसाच्या छातीत जाते. शिवाय खर्च. फ्रेड बाँड या अमेरिकी अभियंत्यानं 1952 मध्ये दळणाच्या विजेचा एक ठोकताळा मांडला, तो अजून वापरतात. त्याचं सार एवढंच की माल चौपट बारीक हवा असेल तर वीज दुपटीच्या आसपास मोजा. फार बारीक दळणात प्रत्यक्ष खर्च याहूनही चढा पडतो. आपल्याकडे वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करायला सांगत आणि तिथं थांबत. कुठं थांबायचं हे ठरवणं हा दळणातला अर्धा हिशोब. परभणीच्या कृषी विद्यापीठात 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. तिथं या गोष्टींचा रीतसर अभ्यास होतो.

आता आलो मुलाच्या यंत्रापाशी. औषधाचे काही कण पाच-दहा मायक्रॉनचे लागतात, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे. वर म्हटलं तसं, इतक्या लहान तुकड्यात भेगा फारशा उरत नाहीत. त्याला फोडायला फार मोठा फटका हवा. दगडानं रगडलं तर औषध तापेल, काही औषधं तापली की वितळतात किंवा बिघडतात. शिवाय दगडाची किंवा पात्याची झीज औषधात मिसळेल. भाकरीत चिमूटभर कच आपण खपवून घेतो, गोळीत कसं चालेल?

मग युक्ती अशी : कणालाच कणावर आपटायचं. यंत्र म्हणजे एक बसकी गोल डबी. तिच्या कडेला बारीक तोट्या, त्याही तिरक्या बसवलेल्या. त्यांतून दाबाखालची हवा आत सुटते, तिचा वेग आवाजाच्याही वर जातो. पावडर त्या झोतात सापडते आणि भोवऱ्यासारखी गरगरते. कण एकमेकांवर इतक्या जोरात आदळतात की फुटतात. म्हणजे वारा दळत नाही, तो औषधाच्या हातून औषध दळवून घेतो. दाबलेली हवा मोकळी होताना थंड होते, त्यामुळे आदळण्याची उष्णता तिथल्या तिथे निवते. वितळणारं औषधही धड राहतं.

आता तुमच्या उपणण्याची गोष्ट. खळ्यावर वारं देताना दाणा जवळ पडतो आणि भुसा लांब जातो, बरोबर? डबीत तेच होतं, फक्त गोल फिरून. जड कण फिरता फिरता कडेला फेकले जातात आणि पुन्हा झोतात सापडून मार खातात. पुरेसा बारीक झालेला कण कडेला टिकत नाही, हवा त्याला मध्यावर ओढून बाहेर घेऊन जाते. दळणं आणि चाळणं एकाच डबीत, आणि चाळणीला जाळीसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही उपणण्यावरून लावलेला अंदाज निम्मा बरोबर होता. खर्चाचं मात्र विचारू नका. इतकी हवा दाबायला जी वीज लागते, तीत तुमच्या गावची ज्वारी कितीदा तरी दळून होईल. म्हणून हे यंत्र औषधासारख्या महाग मालालाच परवडतं. त्यातही माल आधी साध्या हातोड्याच्या यंत्रातून बारीक करूनच त्यात सोडतात.

हा खटाटोप वाया जात नाही. ग्रिसिओफुल्विन नावाचं गजकर्णावरचं जुनं औषध आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. 1960 च्या दशकात त्याचे कण अगदी बारीक केले, तेव्हा लक्षात आलं की निम्म्या मात्रेत तेवढाच गुण येतो. औषधात फरक काहीच केला नव्हता, फक्त दळण बारीक केलं होतं. दम्याच्या पंपातली पावडर घ्या. ती साधारण एक ते पाच मायक्रॉनची असावी लागते. मोठे कण घशातच चिकटतात. त्याहून फार लहान कण श्वासाबरोबर आत जाऊन तसेच बाहेर येतात. इथं बारीक दळण्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून कुंपण आहे.

शेवटी एक गोष्ट, पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही सासूबाईंबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिली होती. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकू देत नाहीत, ज्वारीवरच ज्वारी टाकायला सांगतात आणि त्यापायी तासभर ताटकळत बसावं लागतं. उसनवारीचा हिशोब वर पाहिलाच आहे. गिरणीच्या पोटात आधीच्याचं पीठ उरतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गव्हाचा अंश भाकरीला फारसा बाधत नाही. पण घरात कोणाला गहू सोसत नसेल, किंवा आधी मिरची दळली असेल, तर तो चांगलाच जाणवतो. मुलाला विचारा, एक औषध दळून झालं की दुसरं घालण्याआधी त्यांच्याकडे काय करतात. सगळं यंत्र सुटं करून धुतात, पुसतात, आधीच्या औषधाचा अंश उरला नाही ना हे तपासतात, त्याची नोंद करून सह्या घेतात, आणि तेवढा वेळ पुढचा माल रांगेत थांबतो.